कार्डावरचा अंगठा

मुनीर,

इतकी वर्षं चाललेला आपला वाद मी अखेर जिंकलो. समोर तू नव्हतास, म्हणून जमलं. तुला माती देऊन आलो त्याच आठवड्यात तुझ्या मॅक्रोतली शेवटची ओळ खोडली आणि माझी घातली. खोडताना सवयीनं तुझ्या खुर्चीकडे बघितलं, की आता येईल, ‘घातलं का बोट, जगतापराव?’ एसी तेवढा गुरगुरत होता. जिंकल्यावर इतकं वाईट वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. अर्थात जिंकायची सवयच नाही, तर ठाऊक कुठून असणार?

वाद काय होता ते तुला सांगायची गरज नाही. पण हे वाचतील ते दुसरेच लोक, तू नसशील, आणि ही गोष्ट अजून माझ्या डोक्यात नीट बसत नाही. तेव्हा दोघांसाठी लिहितो. बारामतीला आपल्या प्रयोगशाळेत पानं येतात, डाळिंबाची, द्राक्षाची, डाग पडलेली. आपण त्यांचे फोटो काढायचे आणि संगणकाकडून डाग मोजून घ्यायचे. रोज त्याच त्या सूचना कोण देत बसणार, म्हणून तू त्या ओळीनं लिहून ठेवल्यास. त्या फाईलला मॅक्रो म्हणायचं. चालवला की पडद्यावर एकेक खिडकी उघडत जाते. आधी राखाडी कार्डाचा फोटो, त्यावरून रंग जुळवायचे. मग शेतकऱ्याचं पान. मग त्याच पानाची नक्कल, डाग लाल करून. शेवटी आकड्यांचा तक्ता. पंगत उठल्यावर ताटं रचावीत तशा खिडक्या एकावर एक बसतात, नवीन येईल ती वर.

तर काम संपल्यावर सगळ्यात वर काय राहावं, एवढाच वाद. मी म्हणायचो तक्ता. लोक आकड्यासाठी येतात. तू म्हणायचास पान. डाग लाल न केलेलं, त्या माणसानं आणलं तसं.

‘माणूस वरचंच बघतो, विज्या. खाली काय दाबलंय ते उचकटून कोण बघत न्हाय.’

‘मग वर आकडा ठेवू की. बघू दे आकडा.’

‘आकडा दिसल्यावर पान कोण बघंल? तू बघशील?’

‘मी कशाला बघू? मशीननं मोजलंय की.’

‘हां. म्हणूनच पान वर.’

आणि मॅक्रोच्या शेवटी तुझी ती ओळ: पानाची खिडकी पुढे बोलवा. मी ती खोडायची, तू दुसऱ्या दिवशी परत घालायची. चहाच्या वेळी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम विचारायच्या, ‘आज वर काय आहे?’

हा हट्ट तुला तुझ्या अब्बांकडून आला होता. इंदापूरला स्टँडाजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ. लग्नाचे फोटो धुऊन झाले की पाकिटात घालताना ते नवरानवरीला वर ठेवायचे नाहीत. सगळ्यात वर त्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस. कोपऱ्यात खुर्चीवर बसवलेली कुणाची आजी, कुणाचा चुलतआजा. गिऱ्हाईक पाकीट उघडून चिडायचं, आमची नवरी कुठं हाय म्हणून. अब्बा म्हणायचे, ‘हाय की, खाली हाय. तिला तुमी बघणारच. हिला कोण बघणार?’ आणि चार-दोन वर्षांनी तेच गिऱ्हाईक परत यायचं, तोच फोटो मोठा करून मागायला, कारण त्या आजीचा दुसरा फोटोच नसायचा. ही गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस, की मी ती तुझ्या आधी पुरी करायचो आणि तू रागवायचास.

माझ्याकडे सांगण्यासारखे अब्बा नव्हते, माझ्याकडे फक्त माझे घोटाळे. कऱ्हाटीचे दोन दत्तात्रय आठव. तू रजेवर होतास आणि मॅक्रो माझ्या ताब्यात. फोटोला आपण शेतकऱ्याचं नाव द्यायचो, आणि मी खिडकी नावानं बोलवायचो. एकाच दिवशी दोघं आले. गाव एक, नाव एक, आडनावसुद्धा एक. दोन्ही खिडक्या एकाच नावाच्या उघड्या. मी हाक मारली, आणि प्रोग्रामला जो आधी सापडला तो त्यानं पुढे केला. निरोग्या बागेच्या धन्याला मी तेल्या रोग लिहून दिला. दुसऱ्या दिवशी तो दारात.

‘तुमच्यात डाक्टर कोण हाय?’

‘आम्ही डॉक्टर नाही, तात्या.’

‘ते कळलंच. माझ्या बागंत तेल्या घातला कुणी? तेल्या त्या खालच्या आळीच्या दत्त्याकडं हाय. अख्ख्या कऱ्हाटीला ठावं हाय, तुमच्या डबड्याला न्हाय?’

मी ऐटीत तक्ता दाखवला. ते म्हणाले, पान दाखव. दाखवलं.

‘हे माझं न्हाय.’

‘तात्या, पान पानासारखं. कशावरनं?’

‘आरं, म्या तोडल्यालं पान म्या वळखत न्हाय व्हय?’

तू परत आल्यावर आठवडाभर हसलास. येणाऱ्या प्रत्येक माणसाला गंभीर चेहऱ्यानं सांगायचास, ‘जगतापरावांना पूर्ण नाव सांगा, आळीसकट.’ मग मॅक्रो दुरुस्त केलास. प्रोग्राम आपण होऊन प्रत्येक खिडकीला एक नंबर देतो, आणि गंमत म्हणजे तो उणे असतो. उणे एक, उणे दोन, उणे तीन. तू नावाची हाक बंद केलीस आणि नंबरानं बोलवायला लागलास.

‘नाव कुणाचंबी कुणाला असतंय. नंबर एकाचा एकालाच.’

‘आणि खिडकी बंद केली तर?’

‘मग तो गेला. प्रोग्राम चालू हाय तवर दुसऱ्या कुणाला द्यायचा न्हाय.’

कबरस्तानात मूठभर माती हातात घेऊन उभा होतो, तेव्हा मला नेमकं हे आठवलं. सगळे खाली मान घालून दुआ करत होते आणि मी उणे आकडे मोजत होतो. लाज वाटली. मग वाटलं, तुला कळलं तर कोपरानं ढोसशील. ढोसलं नाहीस. माती टाकायची माझी पाळी आली.

प्रयोगशाळेत आलो तर तुझ्या संगणकावर एक पान उघडं. तू सोडून गेलास तसं. मी ते बंद केलं नाही. नुसतं बाजूला सारून काम करत राहिलो, म्हणजे तुझा नंबर जागेवर राहील. असल्या गोष्टी कुणाला सांगता येत नाहीत. मग एका दुपारी लाइट गेली, यूपीएसनं थोडा वेळ कळ काढली आणि पडदा काळा झाला. परत चालू केल्यावर मोजणी नव्यानं सुरू, पहिली खिडकी उघडली ती उणे एक.

त्याच दुपारी मी तुझी ओळ खोडली. राग आला होता. कुणाचा, ते विचारू नको.

आणि मग ते सुरू झालं. माझ्या नव्या ओळी सोप्या होत्या: मोजून झालं की पानाची खिडकी बंद, लाल डागांची बंद, वर राहील फक्त तक्ता. मॅक्रो चालवला. पान गेलं, लाल डाग गेले, तक्ता आला. आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याच्यावर एक खिडकी चढून बसली. राखाडी कार्ड, आणि कार्ड धरलेला एक अंगठा.

कारण मला समजत होतं. वरची खिडकी बंद झाली की प्रोग्राम मागे उघडी असेल ती पुढे करतो. कार्डाची खिडकी सगळ्यांत आधी उघडलेली, सगळ्यांच्या तळाशी, ती बंद करायची मी विसरलो होतो. तुझ्या वेळी ती कधी दिसायचीच नाही. एका ओळीचं काम होतं. पण ते कार्डाचं खातं सगळं तुझं. कार्ड तू आणलंस, हंगाम बदलला की त्याचा नवा फोटो घ्यायचा हा नेम तुझा. तेव्हा तो अंगठा कुणाचा हे काय विचारायचं? मी हात मागे घेतला.

दर पानामागे तू यायला लागलास. पणदऱ्याचं द्राक्ष, मग तू. निमगावचं डाळिंब, मग तू. माझं काम संपलं रे संपलं की वर अंगठा. दिव्याखाली जरा निळसर दिसणारा, नख चपटं, कार्ड घट्ट धरलेलं. मी सकाळी पहिलं पान मुद्दाम लवकर लावायचो. ‘आलास?’ म्हणायचो. जेवायला जाताना ‘येतो रे’ म्हणायचो. एकदा मॅडमनी ऐकलं.

‘विजय, तो अंगठा काढा हो आता. परवा पाहुणे विचारत होते, हे बोट कसलं म्हणून.’

‘काढतो मॅडम.’

‘आणि त्याच्याशी बोलू नका. निदान लोकांसमोर.’

तुझ्या घरून शाहनाझभाभींचा फोन आला तो याच दिवसांत. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, ‘विजयभाऊ, तुमच्या कॉम्प्युटरमधी त्यांचा एखादा फोटो हाय का? हसतानाचा?’

मी म्हणालो, घरात असतील की. तर म्हणाल्या, ‘लग्नाच्या अल्बममधी तोंडावर सेहरा. मोबाइलमधी बघावं तर कुठं पाठ, कुठं हात आडवा. आधारवर हायत, पण ते...’

आधारवरचा फोटो दाखवून तूच म्हणायचास, ह्या माणसाला मी घरात घेणार न्हाय. फोटोवाल्याचा मुलगा, जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे. आम्हा सगळ्यांना ‘हलू नका’ म्हणायचं आणि आपण पुढे यायचं नाही.

‘भिंतीवर लावायला न्हाय,’ भाभी म्हणाल्या. ‘माझ्यापाशी ठेवायला. डोळे मिटले की चेहरा येतो, पण हसतानाचा येईना झालाय. येईल येईल म्हणते आणि जातो. ते गेलं तर मी काय करू?’

मी शोधलं, मुनीर. प्रयोगशाळेतल्या एकूण एक फोल्डरात. पानं, पानं, पानं. ज्यानं हजारो पानांचे फोटो काढले त्याचा स्वतःचा एक नाही. एक तेवढं फोल्डर होतं, जुन्या कार्डांचं, हंगामागणिक. वरची फाईल उघडली. राखाडी कार्ड, तोच अंगठा. म्हटलं, चेहरा नाही, निदान हात तरी. सगळं फोल्डर लॅपटॉपवर घेतलं आणि सगळे फोटो जुन्यापासून ओळीनं उघडणारा एक छोटा मॅक्रो लिहिला. भाभींसमोर फाईली शोधत बसायला नको. बाकीच्या फाईली उघडून बघितल्या नाहीत. वरचंच बघितलं.

रविवारी इंदापूरला गेलो. स्टुडिओच्या शटरवर आता मोबाइल कव्हरांची पाटी आहे. मागच्या खोलीत भाभींनी चहा केला. मी लॅपटॉप उघडून, गळा साफ करून, पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ‘भाभी, चेहरा नाही मिळाला. पण हात मिळाला.’ आणि मॅक्रो चालवला.

काहीच झालं नाही. मी खिडक्या लपवून उघडायची सोय वापरली होती. तसं केलं की काम भरभर होतं, पण शेवटी त्यांना ‘आता बाहेर या’ म्हणावं लागतं. ते म्हणायला विसरलो होतो. फोटो सगळे उघडे, पडद्यावर एकही नाही. भाभी मोकळ्या पडद्याकडे बघत होत्या.

‘हायत ते,’ मी म्हणालो. ‘उघडे हायत. दिसत न्हाईत एवढंच.’

मी काय बोलून गेलो ते मला मागाहून कळलं.

घाईघाईनं ती ओळ घातली आणि पुन्हा चालवला. सगळ्या खिडक्या एकदम बाहेर आल्या, एकमेकींवर आदळत. शेवटची, सगळ्यात वर, या हंगामातली. भाभींनी ओढणी सावरली, वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

‘हा त्यांचा हात न्हाय, विजयभाऊ.’

‘भाभी, दिवा तसा असतो, रंग बदलतो—’

‘रंगाचं सोडा. त्यांचा अंगठा असला चपटा न्हवता. हा तुमचा हाय. कप धरता तवा बघते की.’

माझ्या हातात कप होता. मी त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. तेच नख, फावड्यासारखं.

मुनीर, पंधरवडाभर मी माझ्याच अंगठ्याला ‘आलास?’ म्हणत होतो. त्याचा निरोप घेऊन जेवायला जात होतो. त्याच्यासमोर एकदा रडलोसुद्धा, ते मॅडमनी बघितलं नाही एवढंच नशीब.

भाभी ओढणी तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसलो. तुझ्या घरात, तू गेल्यावर, एवढ्या मोठ्यानं हसणं बरं दिसेना, म्हणून एकेक खिडकी बंद करायला लागलो. खाली पुन्हा माझा अंगठा. त्याखाली माझा अंगठा, पट्टी बांधलेला. त्याखालीही. मला सगळं आठवायला लागलं. कार्ड दर वेळी मीच धरायचो. कॅमेरा तुझ्याकडे. ‘हलू नको, विज्या.’ मी हलायचो. ‘आरं, कार्ड हाय, पाळणा न्हाय.’ हे मी विसरलो कसा? माझा हात तुझा म्हणून चालवला आणि तुझा आवाज बाजूला टाकला.

भाभींचं हसणं थांबलं होतं. त्या खिडक्या कमी होताना बघत होत्या. मागायला काही उरणार नाही हे त्यांना दिसत होतं, मलाही. मी हात सावकाश चालवायला लागलो.

माझ्या अंगठ्याची शेवटची बंद केली आणि तळाची उघडी पडली. सगळ्यांत जुनी. पहिल्याच दिवशीची, जेव्हा तू कार्ड धरलं होतंस आणि कॅमेरा मला दिला होतास, एकदाच. कार्ड असायला हवं चौकटीच्या मध्ये, ते गेलंय खालच्या कोपऱ्यात, निम्मं बाहेर. फोटो हललेला. कामाचा शून्य. आणि कार्डाच्या वर, जिथं काहीच असायला नको तिथं, तुझी बाही, तुझी हनुवटी, आणि तुझं तोंड. तू मला काहीतरी सांगतो आहेस आणि सांगता सांगता हसतो आहेस. एक डोळा आत आलाय, दुसरा मी कापलाय.

मला शब्द आठवले. ‘कार्डाचा काढ, येड्या, माझा नको.’ त्या दिवसानंतर कार्डासाठी तू कॅमेरा माझ्या हातात दिला नाहीस. पण तो फोटो पुसलाही नाहीस. फोल्डरात सगळ्यांच्या तळाशी ठेवलास, हसायला म्हणून असेल, किंवा नुसताच राहिला असेल. हे विचारायचं राहून गेलं.

भाभींनी पडद्याला बोट लावलं नाही. जवळ नेलं फक्त.

‘हलल्यालाय,’ मी म्हणालो. ‘मी हललो, भाभी.’

‘न्हाय,’ त्या म्हणाल्या. ‘हसताना ते असंच हलायचे.’

मग म्हणाल्या, ‘आता हे बंद करू नका. वर राहू द्या.’

लॅपटॉप तिथंच ठेवून आलो. फोटो छापून आणून देईन तोवर.

मुनीर, तुझी ओळ मी मॅक्रोत परत घातली आहे. काम संपलं की पान वर येतं, आणलेल्या माणसानं आणलं तसं. तुझं बरोबर होतं असं मी लिहून देणार नाही. अजून वाद घालायचाय. पण शेतकरी आता खुर्ची पुढे ओढून बघतात, ‘हे माझंच,’ म्हणतात, आणि मला ऐकावं लागतं.

मॅडमना सांगितलं, अंगठा गेला. पूर्ण खरं नाही. सगळे गेले की मी पान स्वतः बंद करतो, लाल डाग बंद करतो, आणि तळाची खिडकी पुढे येते. राखाडी कार्ड, माझा चपटा अंगठा. आधी मी त्यात तुला शोधायचो. आता ठाऊक आहे, कार्डाच्या अलीकडे मीच आहे. तू पलीकडे आहेस, कॅमेऱ्यामागे, जिथून हे दिसतंय तिथं, एक डोळा मिटून, बटणावर बोट ठेवून. फोटो अजून काढायचाय.

मी खुर्चीत नीट बसतो. हलत नाही.